‘मा’ म्हणजे घोडा

मुलांनो, आज आपण चिनी भाषेतला एक शब्द शिकू या. शब्द अगदी छोटा आहे, ‘मा’. पण तो म्हणायचा कसा, यातच सगळी गंमत आहे बरं का! आवाज उंच आणि सरळ ठेवून ‘मा’ म्हटलं, तर अर्थ होतो आई. आवाज वरून झटकन खाली आपटला, तर अर्थ होतो रागावणं. आणि आवाज आधी खाली नेऊन मग जरासा वर उचलला, तर ‘मा’ म्हणजे घोडा! एखाद्या चिनी मुलानं आईला हाक मारताना सूर चुकवला, तर काय होईल ते तुम्हीच ओळखा.

हा घोडा लिहायची रीतही मजेदार आहे. जुन्या पद्धतीनं लिहिताना त्याला दहा रेघा लागतात. वर आयाळ आणि खाली चार ठिपके, म्हणजे घोड्याचे चार पाय! १९५६ साली चीननं आपली लिपी सोपी करण्याची योजना जाहीर केली. आता तिथल्या शाळेत घोडा फक्त तीन रेघांत उभा राहतो. तैवान आणि हाँगकाँगमधली मुलं मात्र अजूनही दहा रेघांचाच घोडा काढतात.

आता खरी गोष्ट सांगते. चिनी भाषेत चार-चार अक्षरांचे वाक्प्रचार असतात. त्यांना ‘छंग-यू’ म्हणतात. आपल्याकडे अक्षरं जोडून शब्द होतो, त्यांच्याकडे एक अक्षर म्हणजे साधारण एक शब्द. म्हणजे चार अक्षरांत चार शब्द झाले. असे छंग-यू हजारो आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांमध्ये हा ‘मा’ दौडतो आहे.

नुसते शब्द वाचून त्यांचा अर्थ लागेल म्हणाल, तर छे! ‘सीमा, म्हातारा, हरवला, घोडा’ असे चार शब्द कुणी सांगितले, तर तुम्हांला काय कळेल? त्यामागची गोष्ट माहीत हवी. आणि गोष्ट कुठे घडली, हे कळलं तर आणखी छान. म्हणून आज आपण नुसता अर्थ पाठ करायचा नाही. आज आपण या घोड्याच्या मागे मागे एका गावाला जायचं.

नकाशा उघडा

घरात जगाचा नकाशा असेल तर घेऊन बसा. नसेल तर भूगोलाचं पुस्तक चालेल. चीनच्या साधारण मध्यावर शीआन नावाचं शहर सापडेल. त्याचं जुनं नाव छांग-आन, म्हणजे ‘दीर्घ शांतता’. हा परिसर एक हजाराहून जास्त वर्षं वेगवेगळ्या राजघराण्यांची राजधानी होता. पश्चिमेकडे जाणारा प्रसिद्ध रेशीम मार्ग इथूनच सुरू व्हायचा.

पण घोड्याचा आणि या शहराचा संबंध काय? सांगते. उत्तरेला मोठमोठी गवताळ मैदानं होती. तिथं राहणारे शिओंग-नू लोक लहानपणापासून घोड्यावर वाढलेले. ते वाऱ्यासारखे यायचे, लुटायचे आणि पसार व्हायचे. त्यांना तोंड द्यायचं तर घोडे हवेत आणि तेही चांगले! इ.स.पू. १३८ मध्ये हान घराण्याच्या वू सम्राटानं चांग छियान नावाचा दूत छांग-आनहून पश्चिमेला पाठवला. त्यानं परत येऊन फरगाणा प्रांतातल्या उमद्या घोड्यांची बातमी दिली. पुढे त्या घोड्यांसाठी इ.स.पू. १०४ पासून सम्राटानं चक्क सैन्याच्या मोहिमा काढल्या! ज्या जनावराच्या पाठीवर राज्य टिकायचं, ते जनावर भाषेत शिरणारच, नाही का?

चला तर मग, निघू या.

हरीण की घोडा?

शीआनला विमानानं जायचं तर आपण ज्या विमानतळावर उतरतो, त्याच्या नावात ‘शियान-यांग’ हा शब्द आहे. हे शियान-यांग म्हणजे वेइ नदीच्या उत्तर काठावरची छिन घराण्याची जुनी राजधानी. म्हणजे पाय टेकताच आपण पहिल्या गोष्टीच्या गावात!

इ.स.पू. २०७ सालची ही गोष्ट. गादीवर होता छिन घराण्याचा तरुण ‘दुसरा सम्राट’. पण खरी सत्ता होती चाओ काओ नावाच्या प्रधानाच्या हातात. सम्राटाला बाजूला सारून सगळं राज्यच आपल्या मुठीत घ्यावं, असं त्याच्या मनात होतं. पण दरबारातले सरदार आपल्या बाजूनं येतील का? ते आधी तपासायला हवं.

एक दिवस तो दरबारात एक हरीण घेऊन आला आणि सम्राटाला म्हणाला, “महाराज, हा घोडा आपल्याला भेट!”

सम्राट हसला. म्हणाला, “प्रधानजी, तुमची चूक होतेय. हरणाला घोडा काय म्हणता?” आणि त्यानं दरबाऱ्यांना विचारलं.

काही जण खाली मान घालून गप्प बसले. काही जण प्रधानाला खूश करायला म्हणाले, “घोडाच आहे, महाराज!” आणि काही जण म्हणाले, “हे हरीण आहे.”

ज्यांनी हरणाला हरीण म्हटलं, त्यांना चाओ काओनं नंतर गुपचूप कसल्या ना कसल्या गुन्ह्यात अडकवलं. त्यानंतर त्याच्यासमोर खरं बोलायची कुणाची छाती झाली नाही. पुढे काय झालं? त्याच वर्षी सम्राटाला जीव द्यावा लागला, चाओ काओही मारला गेला आणि काही महिन्यांतच छिन घराण्याचं राज्य बुडालं. जिथं हरणाला हरीण म्हणता येत नाही, ते राज्य टिकेल तरी कसं?

यावरून छंग-यू झाला, ‘ची-लू-वेइ-मा’. ची म्हणजे बोट दाखवणं, लू म्हणजे हरीण, वेइ म्हणजे ‘आहे’ असं ठरवणं आणि मा म्हणजे घोडा. हरणाकडे बोट दाखवून घोडा म्हणणं. अर्थ, धडधडीत खोटं जाणूनबुजून खरं म्हणून दुसऱ्याच्या गळी उतरवणं.

वाक्यात उपयोग: चेंडू रेषेबाहेर गेला हे सगळ्या मैदानानं पाहिलं. तरी ‘तो आतच होता’ असं तो दांडगाईनं म्हणतो, हे तर ची-लू-वेइ-मा झालं!

एक लक्षात ठेवा. कुणाची नजरचूक झाली, तर हा छंग-यू वापरत नाहीत. मुद्दाम खोटं बोलणाऱ्यासाठीच तो आहे.

ही गोष्ट लिहून ठेवली सी-मा छियान या थोर इतिहासकारानं. त्याच्या आडनावातही ‘मा’ आहे, पाहिलंत? ‘सी-मा’ हे मुळात घोडदळाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं पद होतं. पण मला एका गोष्टीचं फार वाटतं. त्या दिवशी ‘हे हरीण आहे’ म्हणणाऱ्यांची नावं सी-मा छियाननंसुद्धा दिलेली नाहीत. ते कोण होते, किती होते, काही सांगितलेलं नाही. राहिलं ते एवढंच, की ते खरं बोलले. दोन हजार दोनशे वर्षं झाली, ते चार शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत!

मातीचे घोडे, चार घोड्यांचा रथ

आता शीआनच्या पूर्वेला साधारण ३५ किलोमीटर जाऊ या. १९७४ च्या मार्च महिन्यात इथले काही शेतकरी विहीर खणत होते. पाण्याऐवजी काय लागलं? मातीचा भाजलेला माणूस! मग दुसरा, मग तिसरा... सगळी फौजच जमिनीखाली उभी होती. चीन एकत्र करणारा पहिला सम्राट छिन शी हुआंग इ.स.पू. २१० मध्ये वारला. त्याच्या समाधीच्या रक्षणासाठी बनवलेली ही फौज. सैनिक आठ हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळसे अजून मातीखालीच आहेत.

आपल्याला बघायचेत ते घोडे. रथाला जुंपलेले, एका रांगेत चार-चार. कान टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या. १९८० साली समाधीजवळच ब्राँझ धातूचे दोन रथ सापडले. आकारानं खऱ्या रथाच्या साधारण निम्मे, आणि प्रत्येकाला चार घोडे.

चार घोड्यांचा रथ म्हणजे त्या काळची सगळ्यांत वेगवान गाडी. चिनी भाषेत त्यासाठी वेगळं अक्षरच आहे. त्यावरून म्हणतात, ‘सू-मा-नान-च्वेइ’, म्हणजे ‘चार घोड्यांनाही गाठणं कठीण’. काय गाठणं कठीण? तोंडातून गेलेला शब्द! ही कल्पना फार जुनी. कन्फ्यूशिअसचा शिष्य त्झ-कुंग यानं जिभेबद्दल असंच म्हटलं होतं, की चार घोडे पळवले तरी जीभ हाती लागायची नाही.

आज हा छंग-यू वचन देताना वापरतात. ‘एकदा शब्द निघाला, की...’ हे त्याच्या आधीचे चार शब्द. दोन्ही जोडून आठ अक्षरांचा वचनाचा मंत्रच होतो.

वाक्यात उपयोग: “उद्या सायकल नक्की देशील ना?” “सू-मा-नान-च्वेइ! देणार म्हणजे देणार.”

वाईट बोललेल्या शब्दालाही हे लागू आहे बरं. मैत्रिणीला टोचून बोललात, तर तो शब्द परत आणायला कुठलाच रथ पुरा पडत नाही.

घोड्याचा घाम

आता परत शहरात येऊ या. इथं एक संग्रहालय आहे, नाव ‘पेइ-लिन’, म्हणजे शिलालेखांचं अरण्य. झाडांसारखे दाटीनं उभे असलेले कोरीव दगड! १०८७ साली जुने ग्रंथ कोरलेल्या शिळा जपण्यासाठी याची सुरुवात झाली. म्हणजे ही दगडांची लायब्ररीच.

त्याच संग्रहालयात भिंतीएवढ्या मोठ्या दगडांवर कोरलेले घोडे आहेत. थांग घराण्याचा थाय-त्सुंग सम्राट सातव्या शतकात होऊन गेला. लढायांमध्ये ज्या सहा घोड्यांनी त्याला पाठीवर वाहून नेलं, त्यांची चित्रं त्यानं आपल्या समाधीसाठी दगडात कोरून घेतली. राजे स्वतःचे पुतळे करतात, यानं घोड्यांना मान दिला! काही घोड्यांच्या अंगात बाण रुतलेले दाखवले आहेत. एका दगडावर एक सेनापती घोड्याच्या छातीतला बाण उपटून काढतो आहे. तो दगड मात्र इथं दिसणार नाही. सहांपैकी दोन दगड शंभरेक वर्षांपूर्वी देशाबाहेर गेले. ते अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या संग्रहालयात आहेत. चारच घोडे घरी राहिले आहेत.

या घोड्यांसमोर उभं राहिलं, की एक छंग-यू आपोआप आठवतो, ‘हान-मा-कुंग-लाओ’. इथं हान म्हणजे घाम. घोड्याला घाम फुटेपर्यंत गाजवलेली कर्तबगारी. आणि हा ‘कुंग’ ओळखीचा वाटतोय का? ‘कुंग फू’मधला कुंग तो हाच! त्याचा अर्थ कष्टानं मिळवलेलं यश.

याची गोष्ट मात्र त्या सहा घोड्यांहून जुनी. इ.स.पू. २०२ मध्ये ल्यू पांग हा हान घराण्याचा पहिला सम्राट झाला. बक्षिसं वाटताना त्यानं पहिला मान शिआओ ह नावाच्या मंत्र्याला दिला. सेनापती चिडले. म्हणाले, “आम्ही जिवावर उदार होऊन लढलो. यानं कधी घोड्याला घाम आणला नाही. नुसता कुंचला आणि शाई घेऊन बसला होता!” पण सम्राटाला माहीत होतं. माघारी राहून धान्य, माणसं, रसद यांची सोय शिआओ हनं लावली, म्हणून तर फौज उभी राहिली.

मूळचा हा शब्द रणांगणातला. आज मात्र एखाद्या कामासाठी, संस्थेसाठी ज्यांनी खूप कष्ट उपसले, त्यांच्यासाठी तो वापरतात.

वाक्यात उपयोग: आमच्या शाळेचं वाचनालय उभं राहिलं, त्यात ग्रंथपालबाईंचं हान-मा-कुंग-लाओ आहे.

म्हणजे ज्या शिआओ हला सेनापती नावं ठेवत होते, त्याच्यासारख्या शाई-कुंचलेवाल्यांनाही शेवटी घोड्याच्या घामाचा मान मिळाला!

म्हातारा घोडा वाट ओळखतो

शहराच्या दक्षिण भागात एक उंच, सातमजली, विटांचा मनोरा आहे. त्याला ‘मोठा रानहंस पॅगोडा’ म्हणतात. समोर एका भिक्षूचा पुतळा आहे. यांना तुम्ही ओळखता! इतिहासाच्या पुस्तकातले युआन श्वांग. तुमच्या आईबाबांनी ते ‘ह्युएन त्संग’ या नावानं वाचले असतील. भारतात येऊन गेलेले थोर प्रवासी. ते आपल्या महाराष्ट्रातही आले होते आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्याचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलं आहे. भारतातून नेलेले ग्रंथ जपून ठेवण्यासाठी ६५२ साली हा मनोरा बांधला.

पण ते भारतात पोचले कसे, ठाऊक आहे? त्यात एका घोड्याचा वाटा आहे. इ.स. ६२९ च्या सुमारास ते छांग-आनहून गुपचूप निघाले, कारण देशाबाहेर जायला बंदी होती. वाळवंटाच्या तोंडाशी त्यांना एक म्हातारा भेटला. त्याच्याजवळ तांबूस रंगाचा, वाळलेला, वयस्कर घोडा होता. म्हातारा म्हणाला, “तुमचा घोडा तरुण आहे, पण त्याला वाट ठाऊक नाही. माझा हा घोडा ई-वू गावाला पंधरा वेळा जाऊन आला आहे. हा घ्या.”

त्यांनी घोडे बदलले. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळं पाणी सांडलं. पाच दिवस पाण्याचा थेंब नाही! माणूस आणि घोडा दोघंही कोसळले. रात्री जरा थंड वारा सुटला, तसे ते उठून पुन्हा चालू लागले. इतक्यात घोडा एकदम वाट सोडून भलतीकडेच वळला. कितीही ओढलं तरी ऐकेना! थोड्या वेळानं पाहतात तो काय, समोर हिरवं गवत आणि पाण्याचं तळं! युआन श्वांग यांच्या चरित्रात ही हकीकत दिलेली आहे.

यालाच म्हणतात ‘लाओ-मा-शी-थू’. लाओ म्हणजे म्हातारा, शी म्हणजे ओळखणं, थू म्हणजे वाट. म्हातारा घोडा वाट ओळखतो. हा छंग-यू युआन श्वांग यांच्याही आधीचा आहे. इ.स.पू. सातव्या शतकात छी राज्याचा राजा ह्वान वसंतात स्वारीवर गेला आणि हिवाळ्यात परत येताना रस्ता चुकला. तेव्हा त्याच्या क्वान चुंग या प्रधानानं म्हातारे घोडे मोकळे सोडले. सगळं सैन्य त्यांच्या मागून चालत सुखरूप बाहेर पडलं. एवढा शहाणा प्रधान, पण घोड्याकडून शिकायला त्याला कमीपणा वाटला नाही!

वाक्यात उपयोग: यंत्र कुठे अडलंय ते आजोबांनी आवाजावरूनच सांगितलं. लाओ-मा-शी-थू म्हणतात ते हेच.

घाबरू नका, चिनी भाषेत ‘म्हातारा घोडा’ म्हणणं ही इथं शिवी नाही, शाबासकी आहे!

एका दिवसात सगळी फुलं

याच मनोऱ्यापाशी आणखी एक गोष्ट आहे. थांग काळात सरकारी नोकरीसाठी फार अवघड परीक्षा असे. जे पास होत, ते या मनोऱ्यावर आपलं नाव लिहीत. त्या काळची ती गुणवत्ता यादीच म्हणा ना!

मंग च्याव नावाचे एक कवी होते. त्यांची ही परीक्षा दोनदा हुकली. शेवटी ७९६ साली ते पास झाले. तेव्हा त्यांचं वय होतं पंचेचाळीसच्या घरात! त्या आनंदात त्यांनी एक कविता लिहिली. वसंत ऋतूत आपण घोडा भरधाव सोडला आणि छांग-आनमधली सगळी फुलं एका दिवसात पाहून टाकली, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. त्यावरून छंग-यू रूढ झाला, ‘चौ-मा-क्वान-ह्वा’. (यातला च ‘चमचा’तला म्हणा, ‘चिमणी’तला नको.) क्वान म्हणजे बघणं, ह्वा म्हणजे फूल. आणि चौ? आजच्या चिनी भाषेत त्याचा अर्थ चालणं. पण जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता पळणं! म्हणून हा घोडा रमतगमत चाललेला नाही, तो चौखूर उधळला आहे.

गंमत बघा. मंग च्याव यांची ती आनंदाची दौड होती. पण भरधाव घोड्यावरून फूल कसं दिसणार? रंगाचा पट्टा तेवढा दिसेल. पाकळ्या, वास, त्यावर बसलेली मधमाशी, काही नाही. म्हणून आज या छंग-यूचा अर्थ झाला, घाईघाईनं वरवर बघणं. आनंदाचा शब्द हळूहळू टोमण्याचा झाला.

वाक्यात उपयोग: एका तासात अख्खं संग्रहालय पाहिलं म्हणे! ते कसलं बघणं, नुसतं चौ-मा-क्वान-ह्वा.

आणि मुलांनो, आपण वाक्प्रचार कसे शिकतो? ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’, दोन गुण. अर्थ पाठ, वाक्य पाठ, पेपर संपला की सगळं साफ! हेही चौ-मा-क्वान-ह्वाच की नाही? दोन गुण मिळतात, पण फुलाचा वास राहून जातो. म्हणून तर आज प्रत्येक घोड्यावरून आपण खाली उतरलो.

हरवलेला घोडा

संध्याकाळ झाली. आता शीआनच्या तटावर चढू या. चौदाव्या शतकात बांधलेला हा तट शहराभोवती जवळजवळ चौदा किलोमीटर पसरला आहे आणि इतका रुंद आहे, की वर भाड्यानं सायकली मिळतात! तटावरून उत्तरेकडे तोंड करा. तिकडे खूप दूर, जुन्या राज्याची सीमा होती. सुरुवातीचे ते चार शब्द आठवतात? ‘सीमा, म्हातारा, हरवला, घोडा’. चिनी भाषेत ‘साइ-वंग-शी-मा’. (मघाचं ‘शी’ म्हणजे ओळखणं, हे ‘शी’ म्हणजे हरवणं. फरक सुराचा!) ही गोष्ट ज्या ग्रंथात आहे, तो इ.स.पू. १३९ मध्ये याच छांग-आनमध्ये वू सम्राटाला अर्पण केला गेला.

सीमेवरच्या एका म्हाताऱ्याचा घोडा पलीकडच्या मुलखात पळून गेला. शेजारी हळहळले. म्हातारा म्हणाला, “यातून चांगलं होणार नाही कशावरून?” काही महिन्यांनी घोडा परत आला, तो एक उमदा घोडा सोबत घेऊन! शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं. म्हातारा म्हणाला, “यातून वाईट होणार नाही कशावरून?” त्या घोड्यावरून पडून त्याच्या मुलाची मांडी मोडली. शेजारी पुन्हा हळहळले, म्हातारा पुन्हा तसाच बोलला. वर्षभरानं लढाई पेटली. गावातल्या धडधाकट तरुणांना जावं लागलं आणि दहांतले नऊ परत आले नाहीत. लंगडा मुलगा मात्र बापाजवळ राहिला.

हा छंग-यू कुणाचं नुकसान झालं, की धीर द्यायला वापरतात.

वाक्यात उपयोग: संघात निवड झाली नाही म्हणून रडू नकोस. साइ-वंग-शी-मा! यातूनच काही चांगलं निघेल.

पण गोष्ट नीट वाचा हं. ‘शेवटी सगळं गोड होतं’ असं ती म्हणत नाही. त्या गावातली कितीतरी मुलं घरी आलीच नाहीत. ती एवढंच म्हणते, की आज जे झालं त्याचा हिशेब आजच मांडू नका.

आता तुमची पाळी

चिनी पंचांगात दर बारा वर्षांनी घोड्याचं वर्ष येतं. २०१४ हे तसं वर्ष होतं, तसंच २०२६. अशा वर्षी लोक एकमेकांना हमखास शुभेच्छा देतात, ‘मा-ताओ-छंग-कुंग’, म्हणजे घोडा पोचला की यश आलंच! परीक्षेला निघालेल्या मुलालाही असंच म्हणतात.

आणि काम ‘मा-मा-हू-हू’ करायचं नाही! हू म्हणजे वाघ. घोडा-घोडा, वाघ-वाघ, म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. कसंतरी उरकलेलं.

आता एक काम. आपल्या मराठीतही घोडे काही कमी नाहीत. वरातीमागून घोडं, घोडामैदान जवळच आहे, गंगेत घोडं न्हालं, कागदी घोडे नाचवणं, घोडं पेंड खातं. अर्थ तुम्हांला येत असतील. पण गंगेत न्हालेला तो घोडा कुणाचा? आणि पेंड खाता खाता अडून बसलेला कुणाचा? चिनी लोकांनी आपल्या घोड्यांच्या गोष्टी दोन-दोन हजार वर्षं लिहून जपल्या. आपल्या घोड्यांच्या गोष्टी पुष्कळशा माणसांच्या तोंडीच राहिल्या आणि माणसं गेली की त्या गोष्टीही जातात.

म्हणून एक वही करा. आजी, आजोबा, शेजारचे काका, गावाकडच्या आत्या, सगळ्यांना विचारा. जो जे सांगेल ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. आईबाबांनो, तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. वाट ओळखणारे म्हातारे घोडे आपल्या घरातच आहेत. ते आहेत तोवर त्यांच्या मागून चार पावलं चालून घेऊ या.